उपनगरांतील ग्रंथालये आणि वाचनाचा हक्क

बोरिवलीच्या पूर्वेस जो डोंगर आहे त्यात कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या प्रारंभाच्या सुमारापासून पुढे जवळजवळ हजार वर्षे तेथे भिक्षुसंघ नांदत होता व अध्ययन-अध्यापन चालत होते. तेथील शिलालेखांतून त्या काळच्या दात्यांची नोंद आढळते. कोणी पाण्याचे टाके कोरविले, कोणी भिक्षूंच्या चीवरांसाठी अक्षय ठेव दिली. नवव्या शतकातील, शिलाहारांच्या अमदानीतील एका लेखात विहाराची डागडुजी व भिक्षूंची वस्त्रे यांच्या बरोबरीने ग्रंथांसाठीही द्रम्म दिल्याचे नमूद आहे. निवारा, वस्त्र व ग्रंथ या तीन गरजा त्या दात्याने एकाच पंक्तीस बसविल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याच डोंगराच्या दोन्ही अंगांस आज मुंबईची उपनगरे पसरली आहेत. पश्चिमेस अंधेरी, गोरेगाव, मालाड, बोरिवली. पूर्वेस घाटकोपर, भांडुप, मुलुंड. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक भरली. मूळच्या मुंबई शहर जिल्ह्याची तेव्हा सुमारे ३१ लाख होती. म्हणजे दर चार मुंबईकरांपैकी तिघे उपनगरांत राहतात. या अफाट वस्तीत ज्याच्या खिशात वर्गणीचे पैसे नाहीत व ज्याच्या ओळखीत हमी देणारा कोणी नाही, अशा मनुष्याला आपले म्हणून हक्काने उघडता येईल असे ग्रंथालयाचे दार कोणते, हा प्रश्न आज विचारावयाचा आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले त्या समाजाच्या दृष्टीने तो लहान नाही.

आरंभीच स्पष्ट केले पाहिजे की, या लेखाचा रोख कोणत्याही एका संस्थेवर नाही. ज्यांनी पदरमोड करून, भाड्याच्या खोलीत चार कपाटे मांडून उपनगरांत मराठी ग्रंथ जमविले, त्यांचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. आमची तक्रार आहे ती शासनाशी व महानगरपालिकेशी. जे काम समाजातील काही सद्गृहस्थांनी आपल्या हौसेने व निष्ठेने आरंभिले, ते त्यांच्याच गळ्यात कायमचे अडकवून राज्यसंस्था मोकळी झाली. त्याचा परिणाम कोणाला भोगावा लागला हे इतिहास पाहिल्यावर कळून येते.

किल्ल्यातील आरंभ

मुंबईच्या ग्रंथालयांचा आरंभ किल्ल्यात, म्हणजे आजच्या फोर्ट विभागात झाला. १८०४ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी व विद्वानांनी 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन केली. तीच पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली. तिचे ग्रंथ ज्या टाउन हॉलमध्ये आहेत ती वास्तू १८३३ साली पूर्ण झाली. या सोसायटीत पहिल्या एतद्देशीय सभासदाचा प्रवेश झाला तो १८४० साली. म्हणजे ज्या नगरात ग्रंथालय उभे होते त्या नगरातील माणसाला त्याचा उंबरा ओलांडण्यास ३६ वर्षे लागली. बरे, ज्यांना प्रथम प्रवेश मिळाला ते एतद्देशीय कोण? धनिक, सुशिक्षित, सरकारदरबारी वजन असलेले. त्यांच्यामागे उभा असलेला जो असंख्य कष्टकरी समाज, त्याचा विचार त्या काळी कोणाच्या मनास शिवलाही नाही.

त्यानंतर १८४७ साली ससून यांच्या नावाची संस्था कारागिरांच्या शिक्षणासाठी निघाली. तिची दगडी इमारत १८७० साली उभी राहिली. १८५६ साली फोर्ट इम्प्रूव्हमेंट लायब्ररी निघाली. तीच आजची पेटिट लायब्ररी होय. ही सर्व ग्रंथालये दक्षिण मुंबईत, बहुतांशी इंग्रजी ग्रंथांची आणि सभासदांच्या वर्गणीवर चालणारी होती.

मराठी ग्रंथांची चिंता वाहणारी संस्था प्रथम निघाली ती ठाण्यास, १८९३ साली. तिच्यामागून १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. पुढे त्याच्या शाखा शहरात व उपनगरांतही निघाल्या. १९२३ साली पार्ल्यास लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला व त्याच्या आश्रयाने ग्रंथसंग्रहालय वाढले. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाने न. चिं. केळकर यांच्या नावाने ग्रंथालय चालविले. ज्या काळात साष्टी बेटावरील ही गावे मुंबईत नव्हतीही, त्या काळात मध्यमवर्गीय नोकरदारांनी तेथे बिऱ्हाडे केली आणि घरांपाठोपाठ वाचनालये उभारली. हे कार्य मोठे आहे. मात्र त्याची घडण कशी होती हेही सांगितले पाहिजे. चार ओळखीची माणसे एकत्र येत, वर्गणी ठरवीत, नियम करीत आणि आपल्यासारख्या माणसांना सभासद करून घेत. आपल्यासारखी नसलेली माणसे त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. त्यांना मुद्दाम वगळण्यात आले असे म्हणण्याचे कारण नाही; त्यांची आठवणच झाली नाही असे म्हणणे अधिक खरे होईल.

'सार्वजनिक' म्हणजे कोण?

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात आपला सुप्रसिद्ध ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. याच ठरावाच्या बळावर पुढे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. हा ठराव आपल्या चळवळीच्या इतिहासात मैलाचा दगड आहे यात शंका नाही. पण त्यातील यादी वाचकांनी एकवार नीट वाचावी. तीत विहीर आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, ग्रंथालय नाही.

हा बोल्यांचा दोष नव्हे. ठरावाचा आधार सार्वजनिक पैसा हा होता आणि त्या काळची ग्रंथालये सार्वजनिक म्हणविली जात असली तरी बहुधा सभासदांच्या पैशावर चालत. पाटीवर 'सार्वजनिक वाचनालय' अशी अक्षरे असत. व्यवहारात ती सभासदांची मालमत्ता असे. सर्व जनांचे ते सार्वजनिक हा शब्दाचा सरळ अर्थ. तो पाटीवर राहिला आणि कायद्यात उतरला नाही.

हे ओळखणारा पुरुष त्या काळीही होता. १९२४ साली परमपूज्य बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे हा एक आणि वाचनालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासवर्ग काढून संस्कृतीचा प्रसार करणे हा दुसरा, असे स्पष्ट शब्द होते. सभेने मुंबईत एक मोफत वाचनालय चालविलेही. 'मोफत' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्यांच्यासाठी ते काढले होते त्यांची ऐपत काय आहे, हे काढणाऱ्यांस ठाऊक होते.

पुढे राज्यघटना आली. तिच्या १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि पूर्णतः वा अंशतः राज्याच्या निधीतून चालणारी सार्वजनिक वापराची ठिकाणे यांबाबत जातीच्या कारणावरून कोणासही अटकाव करता येणार नाही, असे ठरविले. शासनाचे अनुदान घेणारे ग्रंथालय या शब्दांच्या कक्षेत येते, असे आमचे मत आहे. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली व १९५५ च्या कायद्याने तिचे पालन करणे गुन्हा ठरला. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ग्रंथालयाच्या दारावर जात विचारण्याचा अधिकार कोणास उरला नाही. तरीही दार उघडले काय? याचे उत्तर देण्यासाठी प्रस्तुत लेखकाला स्वतःचा एक अनुभव सांगणे भाग आहे.

हमीदाराची सही

सुमारे पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्व उपनगरातील एका वस्तीत आमचे दहा बाय बाराचे घर होते व त्यात आम्ही सात माणसे राहत होतो. इयत्ता नववीत असताना मी व माझा एक वर्गमित्र स्टेशनजवळच्या एका वाचनालयात नाव घालण्यासाठी गेलो. टेबलाशी बसलेले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी आम्हांला आत बोलाविले, बसावयास सांगितले, छापील अर्ज हाती दिला. आमची जात त्यांनी विचारली नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. अर्जावर नाव होते, पत्ता होता, अनामत रकमेचा व मासिक वर्गणीचा आकडा होता आणि शेवटी एक ओळ होती: 'विद्यमान सभासदाची हमी व सही'.

आमच्या वस्तीत सभासद कोणी नव्हता. सभासद नव्हता म्हणून हमीदार नव्हता. आणि हमीदार नव्हता म्हणून कोणी सभासद होऊ शकत नव्हता. त्या गृहस्थांनी आमचा पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि 'ओळखीचे कोणी भेटले की या', असे सौम्यपणे सांगितले. आम्ही बाहेर आलो. पुढे शाळेतील एका गुरुजींना हे कळले. त्यांनी माझ्या अर्जावर सही केली आणि वर्षभराची वर्गणीही स्वतः भरली. त्या एका वर्षात जे वाचले त्यावर माझे पुढील आयुष्य उभे आहे. माझा मित्र मात्र त्या दाराशी पुन्हा आला नाही. 'तिथे आपले कोण आहे?' एवढेच तो म्हणाला. मॅट्रिकच्या आधीच त्याने शाळा सोडली व तो कारखान्यात लागला. त्याच्या शाळा सोडण्याला वाचनालयच कारण झाले असे मी म्हणणार नाही. घरची परिस्थिती कारण झाली. परंतु ज्या दिवशी त्याला पुस्तकाची ओढ लागली होती त्या दिवशी त्याला पुस्तक मिळाले नाही, हे मात्र खरे.

या अनुभवात दुष्टावा कोणाचाच नव्हता, आणि म्हणूनच तो विचार करण्यासारखा आहे. जातीचा प्रश्न कायद्याने बंद केल्यावरही ओळख, पत्ता व पैसा हे तीन प्रश्न तेच काम करू शकतात. ते विचारणाऱ्याच्या मनात पाप असण्याची गरज नाही. ज्या समाजाला ओळखी वारशाने मिळाल्या त्याला हमीदार सहज सापडतो. ज्याला वारशाने गावकुसाबाहेरची जागा मिळाली त्याला सापडत नाही. नियम सर्वांना सारखा असतो, त्याचा भार सारखा नसतो. आज अनेक संस्थांनी हमीची अट सैल केली असेल. तथापि अनामत व वर्गणी ही दोन कुलपे बहुतेक ठिकाणी कायम आहेत.

कायद्याने काय दिले, काय दिले नाही

मुंबई इलाख्यात ग्रंथालयांची रीतसर योजना आखण्याचा पहिला प्रयत्न १९३९ साली झाला. सरकारने असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने मुंबईतील मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका व गाव येथपर्यंत उतरत जाणारी साखळी सुचविली. योजना चांगली होती. ती अमलात येण्यास १९४७ साल उजाडले आणि तीही वरच्या काही पायऱ्यांपुरतीच. दरम्यान कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता. १९४८ साली मद्रास प्रांताने कायदा करून घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसविला. ग्रंथालयाचा खर्च नगरातील सर्वांनी करातून सोसावयाचा व लाभ सर्वांनी घ्यावयाचा, हे तत्त्व तेथे कायद्यात आले. १९५१ साली दिल्लीत युनेस्कोच्या साहाय्याने सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले ते मोफत वाचनाच्या तत्त्वावर.

महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तो १९६७ साली. १ मे १९६८ पासून तो अमलात आला. या कायद्याने ग्रंथालय संचालनालय आले, राज्य ग्रंथालय परिषद आली, जिल्हा समित्या आल्या. १९७० च्या नियमांनी ग्रंथालयांचे 'अ', 'ब', 'क', 'ड' असे वर्ग पाडून त्यांना अनुदान देण्याची पद्धत घातली. त्यातून राज्यभर सुमारे बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी राहिली, ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण या कायद्यात दोन उणिवा राहिल्या. पहिली, उपकर बसविला नाही. शासनाने दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान २५ लाख रुपये घालावेत एवढीच हमी कायद्याने दिली. दुसरी, ग्रंथालय काढण्याची जबाबदारी मुख्यतः खाजगी संस्थांवरच ठेवली. जेथे पुढाकार घेणारी, हिशेब ठेवणारी, जागा मिळवू शकणारी मंडळी असतील तेथे ग्रंथालय निघेल व त्याला अनुदान मिळेल. जेथे अशी मंडळी नसतील तेथे निघणार नाही. म्हणजे ज्या वस्तीला ग्रंथालयाची गरज सर्वांत अधिक, तिलाच ते मिळण्याचा संभव सर्वांत कमी. अनुदान मागून येते. ते घेण्यासाठी आधी हात रिकामे नसावे लागतात.

मुंबईपुरते बोलावयाचे तर १८८८ चा महानगरपालिका कायदा पाहिला पाहिजे. त्याच्या ६१ व्या कलमात महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामे सांगितली आहेत: रस्ते, पाणी, मलनिःसारण, दवाखाने, प्राथमिक शिक्षण. ६३ व्या कलमात महापालिकेला वाटल्यास करता येतील अशी ऐच्छिक कामे आहेत. ग्रंथालये, पदार्थसंग्रहालये व कलादालने यांना जागा मिळाली ती या दुसऱ्या यादीत. १९५० साली अंधेरी व घाटकोपरपर्यंतचा आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश मुंबईत सामील झाला. त्यामागून नळ आले, रस्ते आले, शाळा आल्या, कारण ती बंधनकारक कामे होती. ग्रंथालय ऐच्छिक होते; ते इच्छेवर राहिले. महापालिकेने काही वाचनालये चालविली, नगरसेवकांच्या निधीतून अभ्यासिकाही उघडल्या. परंतु जे इच्छेने मिळते ते इच्छेने बंदही होते, आणि त्याविरुद्ध दाद मागण्यास नागरिकाच्या हाती काही उरत नाही.

अभ्यासिका व ग्रंथालय यांतील भेदही येथेच सांगितला पाहिजे. अभ्यासिकेत विद्यार्थी स्वतःचे पुस्तक घेऊन परीक्षेची तयारी करावयास जातो. ती फार उपयुक्त आहे. पण ज्याच्याजवळ स्वतःचे पुस्तक नाही, किंवा ज्याला परीक्षेपलीकडचे काही जाणून घ्यावयाचे आहे, त्याची गरज तिने भागत नाही. घरकाम करणारी भगिनी, रात्रपाळीचा कामगार, निवृत्त सफाई कामगार यांना परीक्षा द्यावयाची नसते. त्यांना वाचण्याचा अधिकार नाही काय?

बागेतला विद्यार्थी

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. शाळा सुटल्यावर तरुण भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहत असता वाचावयास शांत जागा कोठून मिळणार? त्या बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी या विद्यार्थ्यावर पडली. त्यांनी चौकशी केली, पुस्तके पुरविली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या अभिनंदनाच्या सभेत, जिचे अध्यक्षस्थान बोल्यांनी भूषविले होते, गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्दही त्यांनीच टाकला. एका पुस्तकाने काय घडू शकते, याचे उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरने पाहिले.

हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. पण त्याची दुसरी बाजू क्वचितच पाहतो. मुंबईत तेव्हा टाउन हॉल होता, ससून यांची इमारत होती, पेटिट लायब्ररी होती. आणि पुढे घटनेचा शिल्पकार होणारा विद्यार्थी बागेत बसून वाचत होता. दहा वर्षांनी, १९१७ साली, कोलंबिया विद्यापीठाचा विद्वान म्हणून ते बडोद्यास गेले. त्या संस्थानात सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डेन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून मोफत ग्रंथालयांचे जाळे विणावयास आरंभ केला होता; साऱ्या हिंदुस्थानात ते आदर्श ठरले. त्या बडोद्यात बाबासाहेबांना राहावयास खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून बाहेर काढल्यावर मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी काढले ते कमाटी बागेत. ग्रंथ मोफत केल्याने माणसाची सर्व दुःखे संपतात असे आम्ही म्हणत नाही; हा प्रसंगच तसे म्हणू देणार नाही. तथापि राजगृहात ज्याने हजारो ग्रंथ जमविले, १९४६ साली ज्याने सिद्धार्थ महाविद्यालय काढले, त्या पुरुषाने ग्रंथाला काय मोल दिले हे विसरता येणार नाही.

आणि आणखी एक. प्रत्येक मुलाला केळुसकर भेटत नाहीत. मला माझे गुरुजी भेटले, माझ्या मित्राला भेटले नाहीत. समाजाची प्रगती अशा भेटींच्या भरवशावर ठेवावयाची, की त्या भेटींची गरज पडू नये अशी व्यवस्था करावयाची? लोकशाही दुसऱ्या मार्गाला म्हणतात.

आक्षेपांचे उत्तर

काही जण म्हणतील, आता प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे. ग्रंथालय हवे कशाला? त्यांना विनंती आहे की, त्यांनी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरासारख्या एखाद्या वस्तीत रात्री आठ वाजता एका खोलीच्या घरात जाऊन बसावे. दूरचित्रवाणी चालू आहे, स्वयंपाक चालू आहे, लहान भावंड रडत आहे. तेथे तो यंत्राचा पडदा असला तरी मन एकाग्र करावयास जागा कोठे आहे? ग्रंथालय म्हणजे केवळ कपाटे नव्हेत. ते टेबल, दिवा, पंखा, शांतता आणि मार्ग दाखविणारा ग्रंथपाल यांचे मिळून होते. शिवाय मराठीतील कितीतरी ग्रंथ त्या पडद्यावर सापडत नाहीत. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले. पण त्यांच्या छपाईची हेळसांड इतकी झाली की, डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. जनतेच्या पैशाने निघालेले हे खंड जनतेच्या प्रत्येक ग्रंथालयात असावयास नकोत काय?

दुसरे म्हणतील, वाचक कमी झाले आहेत, जुनी ग्रंथालयेच ओस पडत आहेत. ज्या ठिकाणी वर्गणी भरून जावे लागते, जेथील पुस्तके कोणा एका वर्गाच्या आवडीने घेतलेली असतात आणि जेथील कर्मचाऱ्याला पोट भरण्याइतकाही पगार मिळत नाही, तेथील गर्दी ओसरली म्हणून ज्यांना आत कधी घेतलेच नाही त्यांची भूक नाही असे कसे म्हणता येईल? दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा कष्टकरी परत जाताना पिशवीत काय नेतो, हे या आक्षेपकांनी पाहावे. तो पुस्तके नेतो. उपाशी राहून पुस्तक विकत घेणारा समाज वाचत नाही, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. २०२५-२६ सालचा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. या आकड्यापुढे प्रत्येक प्रभागात एक ग्रंथालय चालविण्याचा खर्च किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. प्रश्न पैशाचा नाही, कलमाचा आहे.

मागणी व कर्तव्य

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिले, १८८८ च्या कायद्यात दुरुस्ती करून मोफत सार्वजनिक ग्रंथालय हे महापालिकेचे बंधनकारक काम करावे. दुसरे, मद्रासच्या धर्तीवर मालमत्ता करावर अल्पसा ग्रंथालय उपकर बसवून तो केवळ याच कामी खर्च करावा. तिसरे, प्रत्येक प्रभागात किमान एक ग्रंथालय असावे, ते वस्तीपासून पायी जाण्याच्या अंतरावर असावे, कामगारांसाठी रात्रीपर्यंत उघडे असावे आणि तेथे रहिवासाच्या कोणत्याही साध्या पुराव्यावर प्रवेश मिळावा. अनामत, वर्गणी व हमीदार यांपैकी काहीही मागू नये. चौथे, ज्या जुन्या संस्था शासनाचे अनुदान घेतात त्यांनी निदान बसून वाचण्याची सोय सर्वांना मोफत करावी व त्यासाठी त्यांचे अनुदान आणि कर्मचाऱ्यांचे वेतन वाढवावे.

हे झाले शासनाचे कर्तव्य. आपलेही काही आहे. उपनगरांत आज ठिकठिकाणी बुद्धविहार उभे आहेत. कित्येक विहारांत वंदनेनंतर दिवसभर कुलूप असते. कान्हेरीच्या त्या दात्याचे स्मरण करून प्रत्येक विहार समितीने जमाखर्चात ग्रंथांसाठी एक रकाना घालावा. एक कपाट, एक टेबल, एक दिवा एवढ्याने आरंभ करावा आणि कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही जातीच्या मुलाला तेथे बसू द्यावे. ज्यांच्या वस्त्यांचे पुनर्वसन होत आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, नियमावलीत बालवाडी व कल्याण केंद्र यांच्यासोबत युवा केंद्र वा ग्रंथालयासाठीही जागेची तरतूद आहे. नकाशे मंजूर होण्यापूर्वी ती जागा लेखी मागावी. मागितल्यावाचून ती मिळणार नाही.

मात्र विहारातील कपाट हे शासनाच्या जबाबदारीला पर्याय नाही. वस्तीत आपण विहीर खणली म्हणून चवदार तळ्यावरचा हक्क सोडला नव्हता. तळ्याचे पाणी गोड होते म्हणून कोणी महाडला गेले नाही. ते सर्वांचे होते म्हणून गेले. ग्रंथालयाविषयीही आपली भूमिका हीच असली पाहिजे. ज्या दिवशी उपनगरातील कोणत्याही वस्तीतला नववीतला मुलगा वा मुलगी एकटी जाऊन, कोणाचीही सही न आणता, पुस्तक मागू शकेल, त्या दिवशी 'सार्वजनिक' हा शब्द या शहरात खरा ठरेल. तोपर्यंत तो मागत राहणे हे आपले काम आहे.